काळ्या रानासाठी कॅमेरा

छायाचित्रणाच्या शिबिरात एक वाक्य हमखास ऐकू येतं : कॅमेरा महत्त्वाचा नसतो, नजर महत्त्वाची असते. ज्याच्या बॅगेत तीन बॉडी आणि पाच लेन्स असतात, बहुतेक वेळा तोच हे सांगत असतो. नवशिक्याला त्याने धीर येतो, एवढा त्याचा उपयोग मान्य करावा. पण वाक्य अर्धंच खरं आहे. हातातलं यंत्र जड असलं की माणूस एका जागी थांबतो, हलकं असलं की फिरतो. चौकट चौकोनी असली की तो वेगळं पाहतो, लांबट असली की वेगळं. बारा फोटोंचा रोल घातलेला माणूस बटण दाबण्याआधी जेवढा विचार करतो, तेवढा हजार फोटो मावणाऱ्या कार्डवाला करत नाही. नजरेला वळण लागतं ते असं.

म्हणून लँडस्केपचा नाद असलेल्याने कॅमेरा आणि फॉरमॅट यांची निवड क्षुल्लक समजू नये. मात्र ती कंपनीच्या माहितीपत्रकापासून सुरू करू नये. आपण ज्या जमिनीवर उभे राहणार आहोत, तिथून सुरू करावी. माझ्यापुरती ती जमीन मराठवाड्यातल्या कळमनुरीची.

कळमनुरी कॅलेंडरवर छापलं जात नाही. इथे सह्याद्रीचे कडे नाहीत, समुद्र नाही. तालुक्यात पैनगंगा आहे, कयाधू आहे, यवतमाळच्या सीमेवर इसापूर धरणाचं पाणी आहे, सागाची झाडं अंगावर घेतलेल्या टेकड्या आहेत. बाकी सगळं रान. जूनमध्ये ते काळंभोर असतं, श्रावणात हिरवं, दसऱ्याच्या सुमारास सोयाबीन पिवळं पडून कापणीला येतं. पुढे तुरीला फुलं लागतात, हळदीची पानं वाळतात, होळीच्या आगेमागे बांधावरचा पळस पेटतो. मे महिन्यात आभाळाचा निळा रंगच जातो आणि वर नुसता पांढरा उजेड उरतो. अशा मुलखाला कोणता कॅमेरा लागतो, याचं उत्तर हिमालय किंवा आइसलँड फिरून आलेल्यांकडून आयतं मिळत नाही.

मराठवाड्याला कॅमेरा नवा नाही. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती करण्यासाठी १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याची नेमणूक झाली. त्याने वर्षानुवर्षं खपून काढलेल्या तैलचित्रांपैकी बहुतेक १८६६ मध्ये लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळून गेली. पण तोवर गिलने कॅमेराही हाती घेतला होता, आणि तो होता स्टिरिओ कॅमेरा : शेजारी शेजारी दोन लेन्स, दोन चित्रं, खास दुर्बिणीतून पाहिलं की खोली जाणवते. लेण्यांचे खांब, दरीची वळणं, झाडीमागचा डोंगर यांना हा फॉरमॅट शोभतो. पश्चिम भारतातल्या वास्तू आणि निसर्ग यांच्या त्याच्या शंभर स्टिरिओ चित्रांचं पुस्तक १८६४ मध्ये निघालं. एकाच माणसाने एकाच जागी कुंचला आणि कॅमेरा दोन्ही चालवले. कुंचल्याने भिंतीवरचा रंग पकडला, स्टिरिओने भिंतीपुढची पोकळी. दोन्ही एकदम पकडणारं साधन त्याच्या हाती नव्हतं. 

त्यानंतर आला राजा दीनदयाळ. १८८४ च्या सुमारास तो सहाव्या निजामाच्या पदरी लागला. कळमनुरी १९४८ पर्यंत निजामाच्याच राज्यात होतं. दीनदयाळ मोठ्या काचेच्या प्लेटांवर काम करी. तिपाई, काळं कापड, जड लाकडी पेटी, ती वाहणारी माणसं असा त्याचा सरंजाम असे. एवढा खर्च दरबार किंवा सरकार उचलत असेल तर कॅमेरा कुठे नेला जाणार, हे उघड आहे : राजवाडे, किल्ले, लेणी, शिकारी, लष्करी कवायती. या प्लेटांमधला बारकावा आजही थक्क करतो. पण नांगरलेलं रान टिपण्यासाठी एवढा लवाजमा कोण हलवणार? फॉरमॅट महाग असला की विषयही बड्या लोकांना पटेल असा निवडला जातो. काळ्या मातीचा मुलूख छायाचित्रांत इतका कमी दिसतो, त्याचं एक कारण हे आहे.

पुढे कॅमेरा स्वस्त झाला. आगफाच्या ‘क्लिक थ्री’ने पुष्कळ मध्यमवर्गीय घरांत पहिला कॅमेरा आणला. १२० च्या रोलवर बारा चौकोनी फोटो निघत. गावोगावच्या स्टुडिओत यशिकाचा दोन भिंगांचा कॅमेरा असे. त्यात वरून वाकून पाहावं लागे आणि डावं-उजवं उलट दिसे. फिल्मचा तो आकार आजच्या बहुतेक डिजिटल सेन्सरपेक्षा मोठा होता. म्हणजे आज ‘मीडियम फॉरमॅट’ या नावाने लाखो रुपयांना विकलं जातं, त्याहून मोठं निगेटिव्ह आपल्या आजोबांच्या बारशाच्या आल्बमामागे पडलेलं असू शकतं. पण ते वापरलं गेलं माणसांच्या फोटोंसाठी. शेत फक्त मागे दिसलं.

लँडस्केपच्या फॉरमॅटचा वाद जगात ज्या दोन नावांभोवती फिरतो, त्यांचं काम इथे ताडून पाहण्यासारखं आहे. पहिला अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. त्याचं बरंच गाजलेलं काम आठ बाय दहा इंचांच्या फिल्मवरचं. १९३२ मध्ये त्याने आणि एडवर्ड वेस्टन वगैरे मित्रांनी जो गट स्थापला, त्याचं नाव होतं ‘एफ/६४’, म्हणजे लेन्सचं छिद्र अगदी बारीक करून पायापासून क्षितिजापर्यंत सारं रेखीव ठेवायचं. दुसरा गॅलन रोवेल. हा गिर्यारोहक. तो छोटा ३५ मिलिमीटरचा कॅमेरा घेऊन डोंगरात पळे. १९८१ मध्ये ल्हासाला इंद्रधनुष्य पोताला राजवाड्यावर नेमकं टेकावं म्हणून तो धावत जागा बदलत गेला आणि ते चित्र त्याला मिळालं. आठ बाय दहाची पेटी उचलून असं धावता येत नाही. उलट, अ‍ॅडम्सच्या ग्रॅनाइटच्या कड्यांचा कणन् कण रोवेलच्या फिल्मवर मावला नसता. दोघेही आपापल्या जागी बरोबर होते, कारण एकाला हवा होता खडक आणि दुसऱ्याला क्षण.

कळमनुरीच्या माणसाला काय हवं आहे? आपल्याकडचं लँडस्केप खडकाचंही नाही आणि निव्वळ क्षणाचंही नाही. ते पिकाचं आहे. आणि पीक हलतं. मोठ्या फॉरमॅटची सारी परंपरा हलत नाही अशा वस्तूंवर उभी आहे : कडे, वाळूच्या टेकड्या, गोठलेली तळी. तिथे तिपाई लावून दोन सेकंद शटर उघडं ठेवा, काही बिघडत नाही. तुरीच्या रानात वाऱ्याच्या दिवशी दोन सेकंदांत तुरीचा नुसता धूर दिसेल.

इथे थोडं गणित करू. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. मायक्रो फोर थर्ड्सचा १७.३ बाय १३, म्हणजे २२५ च्या आसपास, जवळजवळ चौथा हिस्सा. चौपट क्षेत्रफळावर चौपट उजेड पडतो, म्हणून मोठा सेन्सर सरस, असं सांगतात. खरं आहे, पण एका अटीवर. समजा, वाऱ्यावरचं पीक गोठवायला सेकंदाचा १२५ वा भाग हवा आणि पायापाशीच्या धसकटापासून दूरच्या टेकडीपर्यंत सगळं रेखीव हवं. फुल फ्रेमवर त्यासाठी एफ/११ लागेल. तीच रेखीव खोली छोट्या सेन्सरवर एफ/५.६ लाच मिळते, आणि एफ/५.६ चं छिद्र चौपट उजेड आत सोडतं. मग मोठ्या सेन्सरला आयएसओ ८०० लावावा लागतो तिथे छोट्याला २०० पुरतो. दोघांनी गोळा केलेला एकूण उजेड सारखाच होतो, दाणेदारपणाही जवळजवळ सारखाच. म्हणजे खोली आणि शटरचा वेग दोन्ही ठरून गेले की मोठ्या सेन्सरचा उजेडातला फायदा उरत नाही. पिकाच्या दिवसांत, वाऱ्यात, छोटा कॅमेरा मोठ्याच्या बरोबरीने बसतो. कापणी झाली, रान मोकळं झालं, धरणाचं पाणी पहाटे निवांत झालं, की तिपाई उघडावी. मग मोठा सेन्सर आपला पैसा वसूल करतो.

‘एफ/६४’ या नावाबद्दलही असाच भ्रम आहे. आठ बाय दहाच्या फिल्मवरचा एफ/६४ म्हणजे फुल फ्रेमवरचा साधारण एफ/८. अ‍ॅडम्सची नक्कल म्हणून कोणी डिजिटल कॅमेऱ्यावर छिद्र एफ/२२ पर्यंत बारीक केलं, तर प्रकाशाच्या विवर्तनामुळे चित्र उलट मऊ पडतं. परंपरा दुसऱ्या फॉरमॅटवर उचलून आणताना आकडा बदलावा लागतो.

काळ्या मातीची अडचण वेगळी. कॅमेऱ्यातला मीटर सगळं जग सरासरी मध्यम करडं आहे असं धरून चालतो. भिजलेलं काळं रान चौकटभर असेल तर त्याला वाटतं उजेड कमी आहे. तो एक्स्पोजर वाढवतो आणि काळी माती विटकी, राखाडी येते. एखादा स्टॉप कमी करावा लागतो. त्यात वर मे महिन्याचं पांढरं आभाळ असेल तर दोन टोकांतलं अंतर फार वाढतं. इथे फाइलचा फॉरमॅट सेन्सरच्या आकाराइतकाच महत्त्वाचा ठरतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, चौदा बिटच्या रॉ फाइलमध्ये १६ हजारांहून जास्त. मातीच्या काळ्यात दडलेले तपकिरी, जांभळट, ओलसर पदर त्या जादा पायऱ्यांत राहतात. महागडा कॅमेरा घेऊन जेपेग काढणाऱ्यापेक्षा जुना कॅमेरा घेऊन रॉ काढणारा आपल्या मातीशी जास्त प्रामाणिक राहतो.

चौकटीच्या आकाराकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात. डोंगराळ मुलखात ३:२ ची आडवी चौकट सहज भरते. आपल्या सपाट रानात तीच चौकट घेतली की वर रिकामं आभाळ किंवा खाली रिकामं रान उरतं. मला इथे दोन आकार पटतात. एक चौकोन, ज्यात एखादं बाभळीचं झाड, विहिरीचा काठ, बांधाची वळणं नीट बसतात. दुसरी लांब पट्टी, एकास तीन या मापाची, जिच्यात क्षितिज मोकळं पसरतं. दोन्हीसाठी वेगळा कॅमेरा लागत नाही. चित्र कापता येतं, चार-पाच उभे फोटो जोडून पट्टी करता येते. मात्र कापायचं कुठे, हे रानात उभं असतानाच ठरवलेलं असावं.

मग मेगापिक्सेल किती? याचं उत्तर भिंतीवर शोधावं. बहुतेक फोनच्या पडद्यावर अडीच मेगापिक्सेलच्या फार पुढचं काही मावत नाही. ए-थ्री आकाराची ३०० डीपीआयची उत्तम छपाई साधारण साडेसतरा मेगापिक्सेलमध्ये होते. चोवीस मेगापिक्सेलचं चित्र त्याच दर्जाने वीस इंच रुंद छापता येतं. ती रुंदी दुप्पट करायची तर मेगापिक्सेल चौपट लागतात, शिवाय तेवढी मोठी भिंत लागते. ज्याने आयुष्यात एकही फोटो छापून टांगला नाही, त्याने साठ मेगापिक्सेलची चिंता का करावी?

तालुक्याच्या गावी खरेदीचाही विचार वेगळा होतो. मळणीयंत्राचा भुस्सा उडत असताना लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरवर धूळ बसवणं. म्हणून एकच मजबूत लेन्स बरी. फिल्मचा मोह होतो, पण रोल धुवायला मोठ्या शहरात पाठवायचा आणि वाट पाहत बसायचं, हे ज्याला झेपेल त्यानेच करावं. ड्रोन मोहक आहे, पण उंचावरून सगळी रानं ठिगळांसारखी एकसारखी दिसतात, आणि धरणासारख्या ठिकाणी परवानगीशिवाय तो उडवूही नये. लग्नाचे फोटो काढणारे मिररलेसकडे वळले, की त्यांचे जुने डीएसएलआर निम्म्याहून कमी किमतीत मिळतात. शटर किती वेळा चाललं आहे तेवढं पाहून घ्यावं.

माझा कौल असा. कळमनुरीसारख्या ठिकाणी राहणाऱ्याने मध्यम आकाराचा, वापरलेला, चोवीस मेगापिक्सेलच्या आसपासचा कॅमेरा घ्यावा. वाचलेल्या पैशांतून जड तिपाई घ्यावी आणि उरलेले छपाईसाठी ठेवावेत. बाहेरून येणाऱ्या छायाचित्रकाराकडे कितीही मोठा सेन्सर असो, त्याच्याकडे एक सुट्टी असते. आपल्याकडे तेच रान पेरणीपासून पुढच्या पेरणीपर्यंत रोज असतं. बारकाव्याची कमतरता वारंवार जाण्याने भरून निघते. न जाण्याची कमतरता कोणत्याही फॉरमॅटने भरून निघत नाही.

तेव्हा कॅमेरा निवडा, आणि निवडला की किमान एक वर्ष दुसरा शोधू नका. एक आकार ठरवा, एक टापू ठरवा, आणि वर्षाअखेरीस निवडक वीस चित्रं कागदावर छापून गावच्या शाळेच्या किंवा वाचनालयाच्या भिंतीवर लावा. ज्यांची ती रानं आहेत, त्यांनी ती आधी पाहायला हवीत.