वेगळा कप



आपल्या मुलांना आपण एक सल्ला नेहमी देतो. "शिक, मोठा हो, काहीतरी करून दाखव. मग बघ, लोक आपोआप मान देतील." परळ-लालबागच्या चाळीत हा सल्ला जितका ऐकू येतो, तितकाच गिरगावच्या वाडीत आणि दादरच्या ब्लॉकमध्येही. तो प्रेमातून दिलेला असतो, आणि त्यात बरेच तथ्यही आहे. आज या सल्ल्याचा थोडा खोलात जाऊन विचार करूया. कर्तबगारीने माणसाला मान मिळतो हे खरे. पण ज्याने काही करून दाखवलेले नाही, त्याला तो मान देणे आपण लागतो की नाही?

प्रश्न पुस्तकी वाटेल, म्हणून एका माणसाची गोष्ट सांगतो. तो आपल्याच शहरात वावरला आणि इथेच वारला. त्यांचे नाव बाळू पालवणकर.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाडला झाला. कुटुंब मूळचे कोकणातले, समाज चर्मकार. वडील लष्करात नोकरीला होते, त्यामुळे बालपण पुण्यात गेले. तिथे पारशी मंडळींच्या क्रिकेट मैदानावर झाडलोट आणि रोलिंग करण्याचे काम त्यांना मिळाले, पगार महिना ३ रुपये. पुढे गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबमध्ये ४ रुपयांवर ते कामाला लागले. नेटमध्ये साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायला कुणीतरी हवे असे. बाळू डाव्या हाताने फिरकी टाकत, आणि अशी टाकत की साहेबांची भंबेरी उडे. तासन् तास ते गोलंदाजी करीत. पण बॅट मात्र त्यांच्या हाती कधी कुणी दिली नाही. फलंदाजी साहेबांची आणि गोलंदाजी नोकराची, असा तिथला हिशेब होता.

मग पुण्याच्या हिंदू खेळाडूंना साहेबांच्या संघाविरुद्ध सामना खेळायचा होता. बाळूंसारखा गोलंदाज गावात दुसरा नव्हता. अस्पृश्य माणसाला संघात घ्यावे की नाही, यावर वाद झाला. शेवटी जिंकण्याची इच्छा सोवळ्यापेक्षा मोठी ठरली आणि बाळूंना घेतले गेले. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळत. बाळूंच्या हातातला चेंडू यष्टिरक्षकाच्या हाती जाई, तिथून इतरांच्या, आणि कुणालाही विटाळ होत नसे. पण चहाची वेळ झाली की इतर खेळाडू पॅव्हेलियनमध्ये कपबशीतून चहा घेत, आणि बाळूंना बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा मिळे. त्यांचे जेवणाचे ताटही वेगळे असे.

इथे जरा थांबूया. चेंडूला विटाळ नाही आणि कपाला विटाळ, हे कसे? चेंडूशी संघाचे काम होते. बाळूंच्या बोटांची संघाला गरज होती, म्हणून बोटे चालली. कप मात्र गरजेची वस्तू नव्हती. कप एकत्र घ्यायचा म्हणजे समोरच्याला आपल्यासारखा माणूस मानायचे. तेवढे करायची तयारी नव्हती.

पुढे बाळू मुंबईला आले, रेल्वेत नोकरीला लागले आणि हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. मरीन ड्राइव्हला समुद्राकडे तोंड करून एकापाठोपाठ एक जिमखाने उभे आहेत, हिंदू, इस्लाम, पारशी आणि आपला कॅथलिक जिमखाना, ते आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्या काळी मुंबईतले मोठे सामने धर्मावर आधारलेल्या संघांतच होत. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू संघाने युरोपियन संघाला १०९ धावांनी हरवले. त्या विजयी संघात बाळू होते आणि त्यांचे धाकटे बंधू शिवरामही होते. मुंबईत आता चहा आणि जेवण सर्वांबरोबर होऊ लागले होते. 'इंडियन सोशल रिफॉर्मर' या साप्ताहिकाने तर या विजयाकडे जातिभेद सैल होत असल्याची खूण म्हणून पाहिले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघाची कामगिरी बेताचीच झाली, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले.

तर मग आपला सल्ला खरा ठरला म्हणायचा? शिकला, मोठा झाला, मान मिळाला. पण गोष्ट इथे संपत नाही. हिंदू संघाचा कर्णधार कोण, हा प्रश्न आला की बाळूंचे नाव मागे पडे. अनुभव सर्वांत जास्त, खेळाची जाण सर्वांत पक्की, तरी कर्णधारपद दुसऱ्या कुणाला मिळे. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळण्यात आले. तेव्हा त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी निषेध म्हणून माघार घेतली आणि आपली बाजू जाहीरपणे लोकांपुढे मांडली. लोकमत त्यांच्या बाजूने उभे राहिले. मग बाळूंना परत बोलावून उपकर्णधार करण्यात आले. अखेर १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघाने स्पर्धा जिंकली. थोरल्या भावाला जे नाकारले गेले, ते धाकट्याला मिळाले. १९०६ पासून मोजले तर मध्ये १७ वर्षे गेली.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक दाखला आम्हाला शिकवला होता. समजा, उत्तम बासऱ्या वाटायच्या आहेत. त्या कुणाला द्याव्यात? श्रीमंताला? खानदानी माणसाला? देखण्याला? ॲरिस्टॉटल सांगतो, जो उत्तम वाजवतो त्याला, कारण बासरी त्यासाठीच असते. या न्यायाने पाहिले तर कर्णधारपद बाळूंचेच होते. जन्म पाहून ते दुसऱ्याला देणे हा सरळ सरळ अन्याय होता. यावर आज आपल्यापैकी कुणाचे दुमत होणार नाही.

पण बासरीचा हा न्याय चहाच्या कपाला लावून बघा. कप कुणाला द्यायचा? जो उत्तम गोलंदाजी करतो त्याला? तसे असेल, तर बाळूंना कप मिळाला तो त्यांनी बळी घेतले म्हणून. मग त्यांच्या वस्तीतले बाकीचे लोक? जोडे शिवणारे, रस्ते झाडणारे, ज्यांना चेंडू वळवता येत नव्हता ते? त्यांना मातीचे भांडेच योग्य होते का? नाही. ज्या दिवशी बाळूंनी एकही बळी घेतलेला नव्हता, महिना ३ रुपयांवर मैदान झाडत होते, त्या दिवशीही तो कप त्यांचाच होता. ११४ बळींनी त्यांना नवा हक्क मिळवून दिला नाही. आधीपासून असलेला त्यांचा हक्क लोकांना मान्य करावा लागला, एवढेच.

इमॅन्युएल कांट या जर्मन तत्त्ववेत्त्याने हा भेद स्पष्ट केला आहे. वस्तूला किंमत असते. एक वस्तू गेली तर तिच्या जागी तेवढ्याच किमतीची दुसरी आणता येते. माणसाला किंमत नसते, प्रतिष्ठा असते. त्याच्या जागी दुसरा आणून भरपाई होत नाही. म्हणून माणसाला केवळ आपल्या कामाचे साधन म्हणून वापरू नये. पुण्याच्या त्या मैदानावर बाळूंच्या गोलंदाजीची किंमत सर्वांना कळली होती. कळायची राहिली होती ती त्यांची प्रतिष्ठा.

हे फक्त आपल्याकडे घडले असे नाही. दक्षिण आफ्रिकेतही असेच घडले. तिथे रग्बी हा गोऱ्यांचा खेळ मानला जाई. रग्बीत विंगर नावाचा खेळाडू मैदानाच्या अगदी कडेला उभा असतो. बराच वेळ त्याच्याकडे चेंडू येतच नाही, आणि आला की वाऱ्यासारखे धावायचे असते. १९९५ साली दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला १५-१२ असे हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हा संघात एकच गोरा नसलेला खेळाडू होता, विंगर चेस्टर विल्यम्स. उपांत्यपूर्व सामन्यात त्याने चार ट्राय केले होते. देशभर त्याची छायाचित्रे झळकली. बघा, भेदभाव संपला, असे सगळे म्हणू लागले. पण २००२ साली आलेल्या त्याच्या चरित्रात त्याने सांगितले की संघातल्याच काही सोबत्यांनी त्याला वर्णावरून हिणवले होते. छायाचित्र भिंतीवर लागले, म्हणून सोबत्यांच्या मनात जागा झालीच असे नाही. विल्यम्स ६ सप्टेंबर २०१९ रोजी वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी वारला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत दक्षिण आफ्रिकेने पुन्हा विश्वचषक जिंकला. त्या वेळी कर्णधार होता सिया कोलिसी, त्या संघाचा पहिला कृष्णवर्णीय कर्णधार. अंतिम सामन्यात संघाचे दोन ट्राय झाले, ते दोन्ही विंगरांनी केले, माकाझोले मापिम्पी आणि चेस्लिन कोल्बे. दोघेही गोरे नव्हेत. १९९५ ते २०१९ म्हणजे २४ वर्षे. एकट्याला आत घेणे आणि सर्वांसाठी दार उघडणे यांत एवढे अंतर असते.

यावर कुणी म्हणेल, "फादर, पण बाळूंनी बळी घेतले नसते तर दार उघडलेच नसते. मग कर्तबगारीला कमी का लेखता?" आक्षेप रास्त आहे. मी कर्तबगारीला कमी लेखत नाही. बाळूंनी आणि त्यांच्या भावांनी जे सोसून मिळवले, त्याला नमस्कारच केला पाहिजे. दार उघडायला किल्ली लागते, आणि त्यांची कला ही किल्ली होती. पण किल्ली आहे म्हणून घर आपले होत नाही. घर आधीपासून आपले असते. किल्ली हरवली तरी ते आपलेच राहते.

दुसरा कुणी म्हणेल, "सगळ्यांना सारखाच मान द्यायचा, तर मेहनत कोण करील?" इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवायला हव्यात. पद, बक्षीस, टाळ्या या गुणाप्रमाणे द्याव्यात. सर्वांना कर्णधार करता येत नाही, करूही नये. पण शेजारी बसणे, नावाने हाक मारणे, एका भांड्यातून पाणी देणे, या गोष्टी बक्षीस म्हणून वाटायच्या नसतात. त्या देण्यासाठी समोरचा माणूस आहे, एवढे कारण पुरे.

हा प्रश्न बाळूंच्या आयुष्यात शेवटी वेगळ्याच रूपाने पुढे आला, आणि तोही आपल्या भागात. १९३७ च्या निवडणुकीत भायखळा-परळ मतदारसंघात काँग्रेसने बाळूंना उभे केले, ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या विरोधात. बाबासाहेब सुमारे दोन हजार मतांनी निवडून आले. एकाने आपल्या कलेच्या बळावर दार उघडून घेतले होते. दुसरा म्हणत होता की, ज्याच्याकडे कसलीही कला नाही त्याच्यासाठीही दार हक्काने उघडले पाहिजे. परळच्या मतदारांना त्या दिवशी दोन चांगल्या माणसांमधून निवड करावी लागली. बाळू पालवणकर ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत वारले.

बंधुभगिनींनो, योहानच्या शुभवर्तमानातली विहिरीवरची शोमरोनी स्त्री आपल्याला ठाऊक आहे. यहुदी लोक शोमरोन्यांचे भांडे वापरत नसत. येशू तिच्याकडे पाणी मागतो, म्हणजे तिच्या भांड्यातून प्यायला तयार होतो. तिने काय कर्तबगारी दाखवली होती? काहीच नाही. ती भर दुपारी पाणी भरायला आली होती, इतकेच.

आपण ख्रिस्ती आहोत, आमच्यात असले काही नाही, असे म्हणून सुटता येणार नाही. आपल्या देशात काही ठिकाणी ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीतही जातीची भिंत उभी राहिली आहे. आणि आपल्या घरांचे काय? कामाला येणाऱ्या बाईंचा कप किती घरांत वेगळा असतो? तो मोरीजवळ, किंवा खिडकीत उपडा ठेवलेला असतो. गिरण्यांच्या जागेवर आता टॉवर उभे राहिले आहेत. त्यांच्या लिफ्टमध्ये काम करणाऱ्यांना कुठल्या बाजूने जावे लागते, हे तिथे कामाला जाणाऱ्या आपल्याच बहिणींना विचारा. त्या बाईंच्या हातची पोळी आपल्याला चालते. चेंडू चालतो, कप चालत नाही. पुण्याचे ते मैदान फार दूर नाही.

मुलांच्या बाबतीतही हेच पाहा. दहावीत ९० टक्के मिळवलेल्यांचा आपण सत्कार करतो, तो जरूर करावा. पण ४५ टक्के मिळवणारा मुलगा त्या रविवारी देवळात मागच्या बाकावर बसतो आणि मिस्सा संपताच निघून जातो. "काहीतरी करून दाखव, मग मान मिळेल," हे वाक्य त्याच्या कानात उलटे वाजते: तू काही करून दाखवले नाहीस, म्हणून तुला मान नाही.

म्हणून आपल्या सल्ल्यात थोडी दुरुस्ती करूया. मुलाला सांगा, "शिक, मेहनत कर, कारण देवाने दिलेली देणगी वाया घालवू नये. पण मान मिळवण्यासाठी तुला काही सिद्ध करावे लागणार नाही. या घरात तो तुला जन्मापासून आहे. आणि तूही दुसऱ्याला मान देताना आधी त्याचे गुण मोजू नकोस."

या आठवड्यात आपल्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवर एकदा नजर टाका. एखादा कप वेगळा ठेवलेला दिसला, तर तो बाकीच्या कपांत मिसळून टाका.

आपला,
धर्मगुरू