दोन आयलंड उभी ठेवून

पत्ते पिसून झाले की समोरच्याला काटायला द्या. मग सात कार्डं उचला, एकदाच नजर फिरवा आणि हात खाली टेकवा. लँड तीन आहेत. एक काउंटरस्पेल आहे, एक रॅथ ऑफ गॉड आहे. पहिल्या तीन टर्नमध्ये स्वतःहून करण्यासारखं यात काही नाही, तरीही हा हात ठेवण्याजोगा आहे. ही गोष्ट आधी मनाशी मान्य करा. घाई सुटते ती इथेच, पुढे नाही.

शुक्रवारची संध्याकाळ आहे. कार्डांच्या दुकानात मागच्या बाजूला लांब टेबलं लावली आहेत, खुर्चीला खुर्ची भिडली आहे. रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचलेला ‘मॅजिक: द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ साली बाजारात आला आणि २००० सालापासून शुक्रवारी रात्री दुकानादुकानांत त्याच्या छोट्या स्पर्धा भरू लागल्या. प्रत्येकाकडे स्वतः बांधलेला साठ कार्डांचा डेक, प्रत्येकी वीस लाइफ. समोरच्याचं लाइफ शून्यावर आणलं की डाव तुमचा. बहुतेक जण त्यासाठी पहिल्या टर्नपासून क्रीचर उतरवतात आणि हल्ले सुरू करतात. तुम्ही मात्र निळा-पांढरा कंट्रोल डेक घेऊन बसला आहात. जिंकून देणारी कार्डं त्यात मोजकी, बाकी सगळ्या लँड आणि समोरच्याच्या चालींवरची उत्तरं.

ही रीत जुनी आहे. १९९० च्या दशकाच्या मध्यात ब्रायन वाइसमन याने बांधलेला डेक नुसता ‘द डेक’ म्हणूनच ओळखला जाऊ लागला. त्यात हल्ल्यासाठी जवळपास काहीच नव्हतं. समोरच्याची प्रत्येक चाल निकामी करत राहायचं, त्याच्यापेक्षा जास्त कार्डं हातात राखायची, आणि त्याच्याकडे काही उरलं नाही की मग सेरा एंजल उतरवायची. एवढा धीर कागदावर मांडणं सोपं आहे. टेबलावर तो दर टर्नला नव्याने धरावा लागतो.

आता चौथ्या टर्नपाशी या. इथे थोडं रेंगाळू.

डाव समोरच्याने सुरू केला होता. त्याची चौथी टर्न चालू आहे. त्याच्यापुढे दोन क्रीचर, एक दोन ताकदीचं, एक तीन. तुमचं लाइफ चौदा. तुमच्या तीन लँड सरळ उभ्या आहेत, म्हणजे अजून वापरलेल्या नाहीत, आणि त्यांतली दोन आयलंड आहेत. लँडमधून मॅना, म्हणजे कार्ड खेळण्याचं बळ, मिळतं; आयलंडमधून निळा. समोरच्याची चाल रद्द करणाऱ्या काउंटरस्पेलला निळा मॅना दोनच लागतो. त्याने दोन्ही क्रीचरनी हल्ला केला. चौदाचे नऊ झाले. लाइफचे फासे फिरवा, नऊ वर ठेवा. आणि आता तो तिसरं क्रीचर खेळतो आहे, चार ताकदीचं. कार्ड टेबलावर ठेवून तो तुमच्याकडे बघतो आहे.

हात आपोआप आयलंडकडे जाईल. त्याला जाऊ देऊ नका. उत्तर हातात आहे म्हणून ते द्यायचंच, असं नाही. आधी पाहा, चौथी लँड हातात आहे का? नसेल तर काउंटर करा, विचारसुद्धा करू नका. असेल, तर हिशोब वेगळा होतो. रॅथ ऑफ गॉडला मॅना चार लागतो आणि टेबलावरची सगळी क्रीचर एकदम मरतात. तिसरं क्रीचर आत्ता रोखलंत, तरी आधीची दोन राहतात आणि पुढच्या टर्नला रॅथ खर्च करावाच लागतो. ते येऊ दिलंत, तर तोच रॅथ तिन्ही घेऊन जातो आणि काउंटरस्पेल तुमच्या हातात शिल्लक राहतं. मात्र हे लांबवता येणार नाही. दोन, तीन आणि चार मिळून नऊ होतात, आणि तुमचं लाइफही नऊच आहे.

मान हलवा. “ठीक आहे,” म्हणा.

मला या खेळातला हा क्षण सगळ्यात प्रिय आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, याच्याकडे काही नाही म्हणून गप्प बसला. बदाम सातमध्ये आठ्ठा दाबून बसणारं माणूस घरोघरी असतं, आणि तो कुणाकडे आहे हे दोन फेऱ्यांत सगळ्यांना कळतं. इथे तसं नाही. तुम्ही मार खाल्लात तो नाइलाजाने की समजून, हे फक्त तुम्हाला माहीत आहे. आणि ते तुमच्यापुरतं तरी स्वच्छ माहीत असायला हवं. समजून घेतलेला मार आणि नुसता बसलेला मार दोन्हींत लाइफ तितकंच जातं, पण पुढच्या चालीला हात थरथरतो तो दुसऱ्यात.

तुमची टर्न. चौथी लँड, रॅथ, चारही लँड आडव्या. टेबल मोकळं झालं. आता यातली बोचणारी बाजूही पाहा. पुढची त्याची संपूर्ण टर्न तुम्ही उघडे आहात. काउंटरस्पेल हातात आहे आणि ते खेळायला मॅना नाही. तो काहीतरी उतरवेल, आणि तुम्हाला बघत राहावं लागेल. त्यावेळी कार्डं उगीच चाळू नका. तुमच्या चेहऱ्यावरून त्याला काही कळू नये हे खरं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे या टर्नमध्ये तुम्हाला करण्यासारखं खरोखर काहीच नाही, ते काहीच नसणं सहन करायला शिका.

त्याने तीन ताकदीचं क्रीचर उतरवलं. असू द्या. तुमच्या पाचव्या लँडवर टेफेरी येतो, ‘टेफेरी, हीरो ऑफ डोमिनारिया’, २०१८ चं कार्ड. त्याच्या एका क्षमतेने एक कार्ड मिळतं आणि टर्न संपताना दोन लँड पुन्हा उभ्या होतात. म्हणजे काउंटरस्पेलची सोय झाली. दुसऱ्या क्षमतेने ते क्रीचर त्याच्या डेकमध्ये वरून तिसरं ठेवता येतं. मी पहिली निवडीन. त्या क्रीचरने दोनदा मारलं तरी मी जिवंत आहे, पण पुढे येणारी मोठी चाल मला निसटू द्यायची नाही.

हे सगळं करताना घड्याळ विसरायचं नाही. फेरी पन्नास मिनिटांची, तीनपैकी दोन डाव जिंकायचे, वेळ संपला की जादा पाच टर्न. कंट्रोलचा डाव लांबतो, आणि लांबलेल्या प्रत्येक मिनिटातलं अर्धं समोरच्याचं असतं. तो आठवडाभर काम करून इथे खेळायला आला आहे. म्हणून मनन करायचं ते त्याच्या टर्नमध्ये. तो लँड ठेवतो आहे, तेवढ्यात तुमचं ठरलेलं असावं, की हे आलं तर रोखायचं, ते आलं तर जाऊ द्यायचं. स्वतःची टर्न आली की हात चटचट चालले पाहिजेत. हळू डेक आणि हळू माणूस एकत्र आले की खेळाची शिक्षा दोघांना होते, आणि त्यातल्या एकाचा काही दोष नसतो.

कधी पहिलाच डाव बिघडतो. दुसऱ्या लँडवर अडकलात, त्याची चार क्रीचर पुढे आहेत, लाइफ सहा. शंभरात एखाद्या वेळी यातून वाट निघते हेही खरं. पण घड्याळात अजून अडतीस मिनिटं आहेत, आणि तुमच्या डेकला दोन डाव जिंकायला तेवढी सगळी लागतील. त्यातून तुम्ही अजून एकही महत्त्वाचं कार्ड दाखवलेलं नाही. तो तुमच्या डेकबद्दल अंदाजच बांधतो आहे. हातातल्या कार्डांवरून एकदा शेवटची नजर फिरवा, त्याला “हा डाव तुझा,” म्हणा, सगळं गोळा करा आणि पुढच्या डावाआधी डेकमध्ये अदलाबदल करायला राखलेली साइडबोर्डची पंधरा कार्डं बाहेर काढा.