ओल्या मानेचा कांदा

नकार माणसाला शिकवतो, असं नोकरी लागलेली माणसं सांगतात. मला पहिल्या नकारानं भलतंच शिकवलं.

१९९४ साली बी.एड. होऊन घरी बसलो होतो. पहिल्या मुलाखतीत चेअरमननं सर्टिफिकेटं उघडलीसुद्धा नाहीत. ‘इमारत निधीचं काय?’ एवढंच विचारलं. आकडा ऐकून मी परतीची एस.टी. धरली. गावात पारावर जो तो म्हणे, ‘पैशापुढं हुशारी काय करणार!’ अन्याय खराच होता. पण हळूहळू तो मला घोंगडीसारखी ऊब द्यायला लागला.

दुसऱ्या शाळेत पैशाचं कुणी नावही काढलं नाही. नववीच्या वर्गावर पाठ घ्यायला लावला. पायथागोरसचा सिद्धांत. फळा मी सुरेख भरला. मधेच एका पोरानं विचारलं, ‘सर, काटकोन नसला तर?’ मी म्हणालो, ‘मधे बोलू नको.’ नंतर हेडमास्तर शांतपणे म्हणाले, ‘विषय येतो तुम्हाला. पण सगळा पाठ तुम्ही फळ्याला शिकवलात.’ मला घेतलं नाही.

घरी आई भाकरी थापत होती. नानांनी विचारलं, ‘काय झालं रे?’ माझ्या तोंडून निघालं, ‘त्यांनीबी पैसेच मागितले.’ कुणाला वाईट वाटू नये म्हणून नव्हे. मला घास गिळता यावा म्हणून.

तिसऱ्या दिवशी नाना धुतलेलं धोतर नेसून निघाले. कुठं म्हटलं, तर म्हणाले, ‘सावकाराकडं. विहिरीजवळचं वावर गहाण टाकतो. दोनदा गेली, आता पैशावाचून जाऊ द्यायची नाही.’

माझे पाय लटपटले. ‘नाना, तिथं पैसे नव्हते मागितले. मलाच शिकवता आलं नाही.’

वाटलं, आता शिव्या बसतील. पण ते ओट्यावर टेकले. आदल्या उन्हाळ्यात लासलगावला आमचा कांदा मातीमोल गेला होता. ती गोष्ट त्यांनी सालभर सगळ्या भावकीला ऐकवली होती.

‘माना ओल्या व्हत्या,’ नाना म्हणाले. ‘पात वाळू द्यायला पाहिजे व्हती. आभाळ आलं म्हणून मीच घाईनं कापला. व्यापाऱ्यानं कांदा दाबून पाहिला अन् भाव पाडला.’ मग जरा थांबून, ‘व्यापारी लुटत्यात, ते काय खोटं नाही. पण त्या दिवशी त्यानं नव्हतं लुटलं.’

पंचाईत हीच आहे. दोन्ही वेळा माणूस हात हलवत, त्याच एस.टी.नं, त्याच पारावरून घरी येतो. सगळा दोष स्वतःवर घेतला तर तो चेअरमन सुटतो. सगळा जगावर टाकला तर त्या पोराचा प्रश्न तसाच राहतो. आणि गाव तर मायेपोटी नेहमी दुसरंच सांगतं! आजही कुणी नकाराची हकिगत सांगायला लागला की मी आधी माझं ते खोटं आठवतो.

नाना धोतर बदलून रानात गेले. मी चुलतभावाला हाक मारली. तोही नववीतच होता. काटकोन नसला तर काय, याचं सूत्र मला पाठ होतं, पण त्याला कसं सांगायचं ते उमजेना. शेवटी अंगणात काडीनं तीन वेगवेगळे त्रिकोण काढले, अन् आम्ही दोघं सुतळीनं बाजू मोजत बसलो.