कुत्र्याचा वाटा

जनावर मारणं पाप की पुण्य, हा प्रश्न आमच्या गावात कधी कोणी चर्चेला घेतल्याचं मला आठवत नाही. सिंधुदुर्गातल्या डोंगरकुशीतलं गाव. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची आणि एका रात्रीत अर्धा कुणगा लोळवून जायची. खायची थोडं, तुडवायची फार. सुरण, कणगर तर मुळासकट उकरायची. अशा वेळी पापपुण्याला सवड कुठली? वडील एवढंच म्हणायचे, "डुकराक बांध कळणा नाय." त्यात राग नव्हता. डुक्कर आपल्या स्वभावाने वागतं, आपण आपल्या पोटाने वागायचं, असा तो सरळ हिशेब.

वाद व्हायचा तो वाट्यांवर. साठाच्या दशकात मी पाहिलेल्या पारधीत गोळीच्या आवाजापेक्षा वाटे घालतानाची कलकल माझ्या जास्त लक्षात राहिली आहे. ठासणीच्या बंदुका गावात दोन. बाकीचे हाकारे. रान उठवायचं, डबे बडवायचे, कुत्री सोडायची. डुक्कर पडलं की पहिला वाटा देवाचा. मग बंदूकवाल्याचा, मग हाकाऱ्यांचा, ज्याचं शेत नासलं त्याचा. आणि कुत्र्याचाही. एखाद्या पोराने कुत्र्याचा वाटा लहान घातला, तर म्हातारे ओरडायचे, "अरे, कुत्र्याचो वाटो आधी नीट काढ, मगे बंदुकीचो." त्या कुत्र्याचं पोट डुकराच्या सुळ्याने फाटू शकतं, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. ज्याने जीव धोक्यात घातला, त्याला विसरायचं नाही. रात्री घरोघरी सागोती शिजायची. म्हातारी विधवा पारधीला येऊ शकत नसे, पण तिच्याही चुलीवर टोप चढायचा.

हे सगळं गोड होतं असं मला म्हणायचं नाही. मान कोणाचा पहिला, यावरून डोकी फुटायची, आणि मोठ्या घराला चांगला तुकडा जायचा. पण एक जनावर पडलं तर त्यामागे पंधरा-वीस माणसांचा हिशेब लागायचा, एवढं खरं.

1972 साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि पारध थांबली. निदान उघडपणे थांबली.

पुढे पुष्कळ वर्षांनी दुसऱ्या तऱ्हेची शिकार पाहिली. पुतण्या अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात असतो. एका एप्रिलात मी त्याच्याकडे होतो. तो म्हणाला, "काका, शनिवार-रविवार डुकरांच्या नि टर्कीच्या शिकारीला चाललोय. तुम्ही नुसतं बघायला चला." खाजगी रँच, राहायची खोली, जेवण, सोबत वाटाड्या. सगळं मिळून एक पॅकेज. डोंगराळ, खडकाळ भाग, ओकची खुरटी झाडं. माती वेगळी, पण पहाटेचा गारवा मला ओळखीचा वाटला.

पहाटे टर्की. हा पक्षी रात्री झाडावर बसतो आणि उजाडताना खाली उतरतो. वाटाड्याने समोर मादीचं प्लास्टिकचं सोंग उभं केलं आणि लाकडी डबीवर पट्टी घासून मादीचा आवाज काढला. लांबून नराने उत्तर दिलं. मग पाऊण तास नुसती वाट बघणं. टर्कीची नजर इतकी तीक्ष्ण की पापणी हलवायची चोरी. अखेर शेपटीचा पंखा पसरून नर आला, आणि पुतण्याने एकच गोळी झाडली. पक्षी पडल्यावर वाटाड्याने त्याला आधी परवाना काढायला लावला. त्यावरची चिठ्ठी भरायची, तारीख घालायची, पक्ष्याला लावायची, मगच जागचं हलायचं. वर्षाला किती पक्षी मारायचे याची मर्यादा, हंगाम ठरलेला, वसंतात मुख्यतः नरच मारायचे. मला ते आवडलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा पक्षी तिथे संपत आला होता. उरलेले थवे पकडून नव्या रानांत सोडून तो परत वाढवला. 1937 च्या एका कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला जातो, त्यात शिकाऱ्यांचा पैसा आहे. म्हणजे मारणाराच राखतो आहे. हे तर आमच्या पारधीच्याही पुढचं झालं.

त्याच रात्री, त्याच जमिनीवर डुकरं. तिथे मात्र चिठ्ठी नाही, हंगाम नाही, मर्यादा नाही. जमीनमालकाची परवानगी असेल तर 2019 पासून टेक्सासात खाजगी जमिनीवर डुक्कर मारायला शिकारीचा परवानाही लागत नाही. 2011 पासून तर हेलिकॉप्टरमधून मारायलाही मुभा आहे. आम्ही लाकडी खोपटात बसलो. समोर मक्याचं पिंप, ठरल्या वेळी आपोआप दाणे फेकणारं. डुकरांना ती वेळ पाठ झालेली. अंधारात उष्णता दाखवणाऱ्या दुर्बिणीतून पांढरे ठिपके दिसले, मोठे आणि लहान. चार गोळ्या झाल्या, तीन पडली. एका मादीचे मागचे पाय कापून बर्फाच्या पेटीत घातले. बाकीचं ओढून घळीत टाकलं.

मी विचारलं, "ते?"

"कोयोटींना नि गिधाडांना," वाटाड्या म्हणाला. "इथे ती मोजत नाहीत."

परतताना गाडीत पुतण्याशी बोलणं झालं. तो विचार करणारा मुलगा आहे. म्हणाला, "काका, डुक्कर इथलं नव्हेच. स्पॅनिश लोकांनी पाळायला आणलं, ते रानात सुटलं. पिकं खातं, जमीन उकरतं, जमिनीवरची अंडी खातं, टर्कीचीसुद्धा. मारलं तर शेतकऱ्याचा फायदा. मी पैसे देतो, तेही त्यालाच मिळतात. मला मजा येते ती वेगळी. यात वाईट कोणाचं झालं?"

प्रश्न खरा आहे. "मजेसाठी मारणं वाईट" असं म्हणून तो सुटत नाही. आमच्या पारधीतही मजा होतीच. हाकाऱ्यांच्या आरोळ्या काही रडक्या नसायच्या. मजा आली म्हणून कारण खोटं ठरत नाही. पण कारण खरं आहे म्हणून मजेबद्दल काही विचारायचंच नाही, हेही मला पटत नाही.

कारण खरं की सांगण्यापुरतं, याची एक परीक्षा आहे. उद्या सगळी डुकरं नाहीशी झाली तर कोणाला आनंद होईल? वडिलांना झाला असता. त्यांनी दुसऱ्या दिवशी बंदूक विकून बैल घेतला असता. त्या रँचवाल्याला होईल? त्याचं पॅकेजच डुकरावर आहे. तो त्यांना मका घालतो. युरोपातली रानडुकरं तर तिथे मुद्दाम शिकारीसाठी आणून सोडली होती, आणि सुटलेल्या पाळीव डुकरांत त्यांचं रक्त मिसळलं. दुसऱ्या राज्यांनाही हे उमगलं आहे. मिझुरी राज्याच्या वन्यजीव खात्याने 2016 साली आपल्या ताब्यातल्या जमिनींवर डुकरांच्या शिकारीवर बंदी घातली. डुकरं वाचवायला नव्हे, संपवायला. हौशी शिकारी दोन-चार मारतो आणि कळप पांगवतो. शिवाय हौस टिकवण्यासाठी लोक डुकरं नव्या जागी नेऊन सोडतात. तिथे सापळे लावून अख्खा कळप एकदम पकडणं सुरू झालं. त्यात थरार नाही, फोटो नाही, पण कारण खरं असेल तर काम असंच कंटाळवाणं होतं.

माझी अडचण बंदुकीशी नाही, "मोजत नाहीत" या शब्दाशी आहे. सकाळी त्याच माणसाने एका पक्ष्यासाठी चिठ्ठी भरली आणि रात्री त्याच हातांनी दोन जनावरं घळीत लोटली. फरक जनावराच्या वेदनेत नव्हता. आपण एकाला शिकार म्हटलं नि दुसऱ्याला उपद्रव, त्यात होता. उपद्रव हा शब्द अनेकदा खरा असतो. पण तो एकदा चिकटवला की पुढचं काहीच विचारावं लागत नाही: किती, कशासाठी, पिल्लांचं काय, खाणार कोण.

हे अमेरिकेकडे बोट दाखवण्यासाठी लिहीत नाही. आमच्याकडे पारध थांबली आणि फासकी आली. क्लच वायरचा फास कुंपणाच्या भोकात लावून माणूस घरी जाऊन झोपतो. फासात डुक्कर येईल, भेकर येईल, शेजाऱ्याचा कुत्रा येईल, बिबट्या येईल. रत्नागिरी-सिंधुदुर्गात डुकरासाठी लावलेल्या फासात बिबटे कितीदा अडकले, ते वर्तमानपत्र वाचणाऱ्याला सांगायला नको. कुठे गावठी बॉम्ब, कुठे कुंपणात सोडलेली वीज. वीज माणसालाही ओळखत नाही. हेही न मोजता मारणंच. इथे तर मारणारा हजरसुद्धा नसतो.

मात्र शेतकरी तिथवर का गेला, तेही मोजलं पाहिजे. नुकसान झालं की अर्ज, पंचनामा, मग वाट बघणं. शेतीसंरक्षणासाठी घेतलेली बंदूक निवडणूक लागली की ठाण्यात जमा. केंद्र सरकारने उत्तराखंडच्या काही भागांत 2016 साली ठरावीक मुदतीसाठी रानडुक्कर उपद्रवी ठरवलं; आमच्याकडे मारायचं तर वनखात्याच्या परवानगीने. परवानगीची अट मला चुकीची वाटत नाही, कारण तीही एक चिठ्ठीच आहे. पण ती चिठ्ठी भात कापून झाल्यावर हातात पडली, तर कायद्याने डुक्कर मोजलं आणि माणूस मोजायचा राहिला. मग तो वायर विकत घेतो.

माझं मत विचाराल तर ते असं. रानडुक्कर मारावं लागतं, पुढेही लागेल. मारणाऱ्याने तिथे हजर असावं, किती मारलं ते सांगता यावं, आणि मेलेल्याचं मांस कोणाच्या तरी ताटात जावं. ज्याच्या शेतासाठी मारलं, त्याचं शेत खरंच वाचलं का, हेही कोणीतरी पाहावं. एवढं झालं तर मारणाऱ्याला त्यात आनंद झाला की दुःख, हे मी विचारणार नाही. पुतण्याला मी इतकंच म्हटलं, "पुढल्या वेळी मारशील ते सगळं घरी आण. पेटीत मावेल तेवढंच मार."

तो म्हणाला, "मग डुकरं कमी कशी होणार?"

"ती तुझ्या शनिवार-रविवारने तशीही कमी होत नाहीत," मी म्हटलं. त्यावर तो बराच वेळ गाडी चालवत राहिला.