आगीकडची बाजू

डोळे मिटू नका. हे मनन उघड्या डोळ्यांनी करायचं आहे.

हातात बिझेन नावाच्या मातीकामाचा एक पेला आहे असं समजा. तांबूस तपकिरी, ना नक्षी ना चकाकी. जपानच्या ओकायामा प्रांतातल्या इम्बे गावात भाजलेला. आधी नुसता तोलून बघा.

आता अंगठा काठावरून सावकाश खाली न्या. खरखर लागेल, कारण वर कसलाही लेप नाही. ही माती तिथल्या भातखाचरांच्या पोटातून काढतात. चिकट, लोहाने भरलेली आणि हट्टी. एकदम तापवली तर तडकते. म्हणून लाल पाइनची लाकडं घालत, रात्रंदिवस जागत, आठ-दहा दिवस किंवा त्याहून जास्त काळ आच चढवत नेतात, १२०० अंशांच्या आसपास. आग थांबल्यावरही दार उघडायची घाई नाही. भट्टी कित्येक दिवस निवत राहते. तुम्हीही घाई करू नका.

पेला थोडा फिरवा. या अंगावर पिवळसर ठिपके आहेत. तिथले कुंभार त्यांना तीळच म्हणतात. ही बाजू आगीकडे होती. ज्वाळेबरोबर उडालेली राख तिच्यावर बसली, वितळली आणि मातीतल्या सिलिकाशी मिळून काच झाली. आणखी फिरवा. इथे निळसर करडा रंग आहे. हे अंग निखाऱ्यांत गाडलं गेलं होतं, त्याला हवा मिळाली नाही. भट्टीत पेला कुठे आणि कसा होता, ते रंगावरून कळतं. इथे जरा रेंगाळा.

पेला ठेवा, एक फिकट थाळी घ्या. तिच्यावर शेंदरी रेघा आहेत. भाजताना भांडी एकमेकांना चिकटू नयेत म्हणून मध्ये भाताचा पेंढा घालत. पेंढ्यातलं पोटॅश मातीतल्या लोहाशी मिळालं, तिथे रेघ उमटली. एकेक रेघ बोटाने शोधा. माती खाचरातली, पेंढाही खाचरातलाच!

हे सगळं आगीचं देणं, कुंभाराचं त्यात काही नाही, असं काही रसिक म्हणतात. मला ते पटत नाही. आगीच्या तोंडाशी काय ठेवायचं, आडोशाला काय, कशावर काय रचायचं, हे कुंभारच ठरवतो. इथले कुंभार कानेशिगे तोयो (१८९६–१९६७) यांनी जुन्या मोमोयामा काळातल्या बिझेनचं रूप परत मिळवलं, ते माती आणि भाजणीचा कसून अभ्यास करून. १९५६ साली जपानने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा मान दिला.

आता पेला पाण्यात बुडवून काढा. चहाच्या विधीत अशी बिनलेपाची भांडी वापरण्याआधी ओली करतात; ओलीने रंग गडद होतो. मग त्यात काहीतरी ओता आणि प्या. चहाच्या आचार्यांची नजर पडण्याआधी इम्बेच्या भट्ट्यांतून रांजण, बरण्या आणि वाटण घाटायची खोलगट भांडीच तर निघत होती.