बंपरची चकाकी

मामंजी त्यांच्या फियाटचे बंपर तोंड दिसेपर्यंत पुसायचे. त्यांच्यामागे ते गंजले. नवे स्टेनलेस स्टीलचे बसवायचे, की जुन्यांवरच पुन्हा क्रोम चढवायचं? मी लगेच म्हटलं, "जुनेच राखू या. नव्याचा हव्यास कशाला?" अपरिग्रह इतका सोपा वाटला मला!

बंपर दाखवायला कारखान्यात गेलो. जुना मुलामा उतरवून घासतात. मग तांबं, निकेल आणि शेवटी क्रोम. त्या क्रोमचा हौद म्हणजे विषच. त्याच्या वाफेनं फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. तिथला पोरगा उघड्या हातांनी काम करत होता, नाकावर साधं फडकंही नाही. पाणी गाळून पिणारी मी, तिथं गप्पच झाले.

नव्या स्टीललाही खाण लागते, भट्टी लागते. आरंभ कुणाला चुकलाय? पण मला जुनी वस्तू नको होती, तिची चकाकी हवी होती. वस्तू जुनी असली म्हणून आसक्ती थोडीच जुनी होते?

बंपर तसेच परत आणले. गंज खरवडून साधा रुपेरी रंग दिला. रंगही काही निर्दोष नाही, पण त्यातल्या त्यात कमी. आता बंपरमध्ये तोंड दिसत नाही. तो पोरगा मात्र अजून दिसतो.