आईचे काम कधी संपते?

ब्रिटनमध्ये एकटीने मुले वाढवणाऱ्या गरीब आईला धाकटे मूल १६ वर्षांचे होईपर्यंत नोकरी न शोधताही सरकारी भत्ता मिळत असे. ही मर्यादा २००८ साली १२, २०१२ साली ५ आणि २०१७ साली ३ वर्षांवर आली. मुले काही लवकर मोठी झाली नाहीत. बदलला तो हिशेब.

नोकरीने घराला आधार आणि आईला मान मिळतो, हे खरे. पण मुलाचा ताप वय विचारून येत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या परिपत्रकात, पूर्णवेळ घर सांभाळणाऱ्या आईला भत्ता देण्याचाही मार्ग सांगितला होता.

आपण मात्र सहज म्हणतो, 'ती काही करत नाही, घरीच असते.' मग दोष एकट्या सरकारला कसा द्यावा?